सांगाड्यातली भेग



बाजारात नवा माठ घेताना आपल्या घरची माणसे काय करतात ते आठवून पाहा. माठ उचलायचा, कानाजवळ धरायचा आणि बोटाच्या पेराने वाजवायचा. खणखणीत वाजला तर पैसे मोजायचे, बद्द वाजला तर मुकाट्याने खाली ठेवायचा. डोळ्याला जी भेग दिसत नाही ती कानाला सापडते, हे शहाणपण काही कुणी शाळेत शिकलेले नाही. आज मला बोलायचे आहे तेही भेगेबद्दलच. पण माठातल्या नव्हे. ही भेग आहे मोटारसायकलच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यातली. आणि गंमत अशी की ती वाजवून सहसा सापडत नाही.

ज्या मोटारसायकलींबद्दल मी बोलतो आहे त्यांना 'डर्ट बाइक' म्हणतात. रस्त्यावरून बाजारहाटाला जाण्याची ही गाडी नव्हे. हिला दिवा नसतो, भोंगा नसतो. उंच स्प्रिंगांवर ती उभी असते आणि माती, चिखल, उंचवटे यांवरून उड्या मारीत शर्यतीत धावते. या शर्यती विलायतेत आणि अमेरिकेत रुजल्या. आता आपल्या पुण्या-नाशिककडेही त्या भरतात आणि खेड्यापाड्यातली मुलेसुद्धा त्यांत भाग घेऊ लागली आहेत. हवेत उंच उडालेली गाडी आणि तिच्यावरचा स्वार, दोघांचे वजन एकदम जमिनीवर आदळते तेव्हा तो सगळा दणका एका वस्तूला सोसावा लागतो. ती वस्तू म्हणजे सांगाडा. आपले गॅरेजवाले त्याला 'फ्रेम' किंवा 'चासी' म्हणतात.

बरीच वर्षे हा सांगाडा पोलादी नळ्यांचा असे. १९९७ साली जपानच्या होंडा कंपनीने सी.आर. २५० आर ही गाडी ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर बांधून विकायला आणली. मोठ्या संख्येने निघालेल्या मातीच्या शर्यतीच्या गाड्यांत अशी ही पहिली. पहिल्या वर्षीच स्वारांनी तक्रार केली की सांगाडा फार ताठ आहे, हाताला झिणझिण्या येतात. मग २००० आणि २००२ साली कंपनीने तो बदलून थोडा लवचीक केला. पुढे २००५ आणि २००६ साली सुझुकी, यामाहा व कावासाकी त्याच वाटेने गेल्या. ऑस्ट्रियाच्या के.टी.एम. कंपनीने मात्र आपल्या मातीच्या गाड्यांसाठी पोलाद सोडले नाही. त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

ॲल्युमिनियम म्हणजे दुसरे काय? आपल्या घरातले 'जर्मन'चे पातेले. पोलादाच्या एक तृतीयांश वजन, गंजत नाही, नळी हवी तशी जाड आणि रुंद काढता येते. एवढे गुण असलेला धातू शर्यतवाल्यांना न आवडला तरच नवल. पण एखाद्या दिवशी गाडी धुताना पाय ठेवायच्या खुंटाजवळ किंवा इंजिनाखाली केसाएवढी काळी रेघ दिसते. मुलगा सांगाडा खांद्यावर टाकून वेल्डिंगवाल्याकडे जातो आणि म्हणतो, "मिस्त्री, एवढी भेग भरून द्या की, रविवारी शर्यत आहे."

ही मागणी साधी दिसते, पण तिच्या पोटात तीन अवघड प्रश्न आहेत. ती खरोखरच भेग आहे की नुसता ओरखडा? भेगच असेल तर ती तिथेच का पडली? आणि ती भरल्यावर सांगाडा पहिल्यासारखा होईल का? या प्रश्नांची उत्तरे शोधायला माणसाला शंभरावर वर्षे लागली आणि त्यासाठी पुष्कळांचे प्राण गेले. तो इतिहास मोटारसायकलीपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो आगगाडीपासून.

८ मे १८४२, रविवार. फ्रान्सचा राजा लुई फिलिप याच्या सन्मानार्थ व्हर्सायला उत्सव होता. तो पाहून पॅरिसकडे परतणाऱ्या लोकांनी आगगाडी खचाखच भरली होती. वाटेत म्यूदों गावाजवळ पुढच्या इंजिनाचा आस तुटला. आस म्हणजे आपल्या बैलगाडीत ज्याला आपण आख म्हणतो तो. इंजिन कोलमडले, मागचे डबे त्याच्यावर चढले आणि भट्टीतल्या निखाऱ्यांनी पेट घेतला. त्या काळी प्रवाशांनी मधेच उतरू नये म्हणून डब्यांना बाहेरून कुलूप लावण्याची पद्धत होती. पन्नासावर माणसे जागच्या जागी जळून गेली. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात जहाज घालून सुखरूप परत आलेला द्युमाँ द्युर्व्हिल हा प्रसिद्ध दर्यावर्दी, त्याची पत्नी आणि मुलगा, तिघेही त्यांतच गेले. हिमनगांतून वाचलेला माणूस घरापासून हाकेच्या अंतरावर एका लोखंडी दांड्यापायी मेला.

कुलपांची पद्धत त्यानंतर बंद पडली. पण आस का तुटला? तो नवाकोरा असताना भक्कम होता, त्याच्यावर जास्तीचे ओझेही नव्हते. त्या वेळी पुष्कळांची समजूत अशी होती की हादरे बसून बसून लोखंड आतून बदलते, खडीसाखरेसारखे दाणेदार होते आणि मग ठिसूळ होऊन तुटते. तुटलेल्या जागी दाणे चमकताना दिसत, त्यामुळे ही समजूत पक्की झाली होती. स्कॉटलंडमधल्या रँकिन नावाच्या विशीतल्या तरुण इंजिनियराने १८४३ साली तुटलेल्या आसांबद्दल एक निबंध वाचला. त्याचे म्हणणे असे की धातू बदललेला नाही. आसाच्या जाड भागाला बारीक भाग जिथे काटकोनात भेटतो त्या खाचेत आधी एक बारीक भेग पडते आणि ती रोज थोडीथोडी आत सरकत जाते. शेवटी मधे उरलेला थोडासा धातू एका झटक्यात तुटतो. त्याने उपायही सुचवला, तो असा की तिथला काटकोन काढून टाका, गोलाई ठेवा.

शिक्षकबंधूंना यावर वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. लोखंडी तारेचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एकाला मधोमध कानशीने किंचित खाच पाडावी. मग दोन्ही तुकडे इकडून तिकडे वाकवीत राहावे आणि मुलांकडून मोजून घ्यावे. एकदा वाकवल्याने कुठलीही तार तुटत नाही, पण मोजणी वाढत गेली की तुटतेच. आणि खाचेची आधी तुटते. रँकिनने जे सांगितले ते एवढेच, पण त्या वेळी ते सर्वांना पटले असे मात्र नाही. मोठ्या आवाजात सांगितलेली चूक पुष्कळ दिवस टिकते.

मोजणीचे काम मनावर घेतले ते जर्मनीतल्या औगुस्ट व्होलर या रेल्वेच्या अधिकाऱ्याने. ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्ट गावी रेल्वेचे डबे आणि इंजिने त्याच्या ताब्यात होती. हा मोठा चिकाटीचा माणूस. धावत्या डब्याच्या आसाला वाकवणारे जोर नेमके किती येतात हे त्याने आधी मापले. मग फिरते यंत्र बांधून त्यावर आसाचे नमुने फिरवत ठेवले, काही काही तर लाखो फेरे. १८५० नंतरची जवळजवळ वीस वर्षे त्याने यात घातली. त्याच्या मोजणीतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली अशी की जो जोर एकदा लावल्याने धातूला काहीच होत नाही तोच लाख वेळा लावला तर तो तुटतो. दुसरी अशी की पोलादाच्या बाबतीत एक खालची मर्यादा आहे. जोर त्या मर्यादेच्या आत ठेवला तर कितीही फेरे होवोत, आस टिकतो. बैल जसा बेताचे ओझे जन्मभर ओढतो तसेच हे म्हणा ना.

आता लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की ॲल्युमिनियमला ही मर्यादा नाही. जोर लहान असला तर फेरे जास्त लागतील एवढेच. पण प्रत्येक दणका खात्यावर मांडला जातो. पोलादाचा सांगाडा बेताने वापरला तर बापाकडून मुलाकडे जाऊ शकतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे आयुष्य मात्र पहिल्या दिवसापासून मोजलेले असते. पोलाद न सोडणाऱ्या कंपनीच्या हट्टामागे जी कारणे आहेत त्यांत हे एक धरावे. पोलादाची लवचीकता हे दुसरे.

भेग का पडते ते कळले. पण ती शोधायची कशी? रेल्वेने आधी माठाचीच युक्ती उचलली. जुन्या श्रोत्यांना आठवत असेल, गाडी मोठ्या स्टेशनात उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेतलेला एक माणूस चाके ठोकत ठोकत जाई. पण आस चाकात घट्ट बसलेला. त्याची भेग नेहमीच आवाजात सापडे असे नाही. तेव्हा कारखान्यांतून एक फार सुरेख रीत निघाली. आस तेलात आणि रॉकेलात भिजत ठेवायचा. मग बाहेर काढून कोरडा पुसायचा आणि वरून स्पिरिटात कालवलेली पांढरी खडूची पूड फासायची. स्पिरिट उडून जाते, पांढरा थर राहतो. आता हातोडीने ठोकले की भेगेत मुरलेले तेल हळूच बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. ज्याने ही युक्ती काढली त्याने घरातला तडकलेला कप नक्की पाहिला असला पाहिजे. कपाची भेग धुतल्यावर दिसत नाही, पण चार दिवस चहा प्याला की तपकिरी होऊन उघडी पडते. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच.

पुढे लोखंडासाठी चुंबकाची रीत आली. आस चुंबक करायचा आणि वर लोखंडाचा कीस टाकायचा. भेगेच्या काठावर तो गोळा होतो. पण ॲल्युमिनियमला चुंबक धरीतच नाही. म्हणून त्याच्यासाठी त्या तेल-खडूच्या जुन्या रीतीकडेच वळावे लागले. अमेरिकेत रॉबर्ट आणि जोसेफ स्वित्झर हे दोघे भाऊ अंधारात चमकणारे रंग करीत. रॉबर्टने तेलात असा चमकणारा रंग मिसळला आणि १९४१ साली त्याचे पेटंट मिळवले. युद्धात विमानांचे भाग याच रीतीने तपासले जाऊ लागले. आज गॅरेजात जो तांबड्या रंगाचा फवारा आणि पांढऱ्या भुकटीचा फवारा मिळतो तो त्याच घराण्यातला.

इथवर सारी हकीगत लोखंडाची झाली. ॲल्युमिनियमने स्वतःचा धडा वेगळा आणि फार महाग दिला.

हा धातू वयाने लहान आहे. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांना न कळवता विजेने तो स्वस्तात काढण्याची एकच रीत शोधली. दोघांचाही जन्म १८६३ चा आणि दोघेही वारले १९१४ साली, हा योगायोग नोंदवून पुढे जाऊ. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. पातेल्याला पोचा किती लवकर येतो ते घरात सर्वांना ठाऊक आहे. ते कणखर कसे करावे हे १९०६ साली बर्लिनजवळच्या आल्फ्रेड व्हिल्मला सापडले. तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळून त्याने धातू तापवला आणि पाण्यात बुडवला. पोलाद असे बुडवले की तिथल्या तिथे कडक होते. हा मऊच राहिला. पण सुट्टीचा दिवस मधे गेला आणि नंतर मापून पाहतो तर तो आपोआप कडक झालेला, असे सांगतात. धातूच्या पोटात मिसळलेले कण सावकाश बारीक दाण्यांच्या रूपाने बाहेर पडतात आणि थरांना घसरू देत नाहीत. दही लावून ठेवावे तसे ते लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. ॲल्युमिनियमची ताकद अशी मुरवून आणलेली असते. आणि मुरवलेली वस्तू पुन्हा तापवली तर काय होते ते आपण पुढे पाहणारच आहोत.

या कणखर ॲल्युमिनियमची विमाने झाली. १९५२ साली 'कॉमेट' हे इंग्रजी जेट विमान प्रवाशांना घेऊन उडू लागले. ते फार उंचावरून जाई, म्हणून आत हवा भरून दाब ठेवावा लागे. प्रत्येक उड्डाणात ते फुग्यासारखे किंचित फुगे आणि उतरताना पुन्हा बसे. २ मे १९५३ रोजी कोलकात्याच्या दमदमहून निघालेले एक कॉमेट कोसळून ४३ माणसे गेली. चौकशीत वादळाचा दोष निघाला. मग १० जानेवारी १९५४ रोजी इटलीच्या एल्बा बेटाजवळ स्वच्छ हवेत दुसरे विमान तुटून समुद्रात पडले, माणसे ३५. विमाने थांबवली गेली, हे बदलले, ते बदलले, आणि मार्चमध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली. खरे कारण तोवर सापडले नव्हते. ८ एप्रिलला नेपल्सजवळ तिसरे पडले, माणसे २१.

भेग शोधल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे काय, हे या दोन तारखांमधल्या तीन महिन्यांइतके स्पष्ट दुसऱ्या कशाने सांगता येईल असे मला वाटत नाही.

त्यानंतर फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन केंद्राने एक अख्खे कॉमेट पाण्याच्या हौदात ठेवले. आतही पाणी, बाहेरही पाणी. दाब वाढवायचा, कमी करायचा. पुन्हा वाढवायचा, पुन्हा कमी करायचा. रात्रंदिवस जणू विमान जागच्या जागी उडत होते. पाणी अशासाठी की हवा भरली असती तर फुटताना बॉम्बसारखी फुटून पुरावाच उडाला असता. हे विमान आधी १२२१ वेळा खरोखर उडालेले होते. हौदात आणखी १८३६ फेरे झाले आणि त्याचे अंग खिडकीच्या कोपऱ्यापासून उसवले. समुद्रातून काढलेल्या तुकड्यांतही तसाच पुरावा मिळाला, छपरावरच्या एका खिडकीच्या कोपऱ्याजवळ. शंभर वर्षांपूर्वी रँकिनने जे सांगितले होते तेच इथेही आडवे आले. जोर साचला तो कोपऱ्यात. बांधणाऱ्यांनी हिशेब चुकवला असे नव्हे. पण कोपऱ्यातल्या भोकाशी जोर हिशेबापेक्षा कितीतरी जास्त होता, आणि ॲल्युमिनियम मोजत बसले होते.

आता पुन्हा त्या मुलाच्या सांगाड्याकडे येऊ. मिस्त्री जाणता असेल तर तो वेल्डिंगचा पंप हातात घेणारच नाही. तो आधी सांगाडा मोकळा करायला लावील. मग साबणाने आणि स्पिरिटाने धुईल. पण संशयाच्या जागी वाळूचा कागद किंवा तारेचा ब्रश मुळीच चालवणार नाही. ॲल्युमिनियम मऊ, घासले की ते भेगेच्या तोंडावर लोण्यासारखे पसरते आणि भेग आत जिवंत राहून वरून दिसेनाशी होते. मग तांबडा रंग लावून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचा. पुसताना कापड ओले करून पुसायचे, वरून द्रव ओतायचा नाही, नाहीतर भेगेतला रंगही निघून जातो. वरून पांढरी भुकटी आणि पुन्हा थांबणे. ओरखडा असेल तर पांढरे पांढरेच राहते. भेग असेल तर तांबडी रेघ हळूहळू ओली होत जाते, आणि बहुधा डोळ्यांना वाटली होती त्याहून लांब निघते.

मग दुसरा प्रश्न, इथेच का? सांगाड्याच्या भेगा कुठेही पडत नाहीत. हँडलाच्या नळीला जिथे दोन मोठे बाजूचे दांडे जोडलेले असतात तिथे, पायाच्या खुंटाच्या जोडाशी, मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या टेकूपाशी, इंजिन धरणाऱ्या कानांपाशी आणि इंजिनाखालच्या नळ्यांवर. आणि तिथेही जोडाच्या रेघेच्या काठाला. जोर वळतो आणि अडतो त्या या जागा. इंजिनाचे बोल्ट ढिले असतील तर त्यांनी उचलायचा भाग दुसऱ्या जोडावर पडतो, कारण शर्यतीच्या गाडीत इंजिन हे सांगाड्याचेच एक हाड असते. मागच्या चाकाच्या लिंकेजची बेअरिंगे चिखलाने जाम झाली तर स्प्रिंगेने गिळायचा दणका सरळ सांगाड्यात जातो. ही कारणे तशीच ठेवून भेग भरणे म्हणजे गळक्या छपराखालची जमीन सारवणे. सांगाडा वाकला आहे का हेही दोरी आणि माप लावून पाहावे लागते. एका मोठ्या आपटण्याने पडलेली भेग आणि हजार लहान दणक्यांनी पडलेली भेग, यांचा इलाज एक नव्हे. पहिलीत धातू बाकी निरोगी असू शकतो. दुसरीत जिथे एक भेग दिसते तिथे शेजारी दुसरी तयार होत असण्याचा संभव मोठा.

आणि तिसरा प्रश्न, भरायची कशी? इथे ॲल्युमिनियम मिस्त्रीला फसवते. लोखंड तापले की लाल होऊन सांगते. हे लाल होतच नाही, ६६० अंशांच्या सुमारास एकदम पाणी होऊन खाली गळते. शिवाय त्याच्या अंगावर जी पातळ साय असते, म्हणजे हवेशी संयोग होऊन झालेला थर, ती वितळायला दोन हजारांवर अंश लागतात. वर साय घट्ट आणि आत दूध उकळते, अशी गत. म्हणून जुन्या गॅसच्या ज्योतीने हे काम फार थोड्यांना साधे. १९४१ साली कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ्रॉप विमान कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी टंग्स्टनच्या काडीतून विजेची ज्योत काढून तिच्याभोवती हेलियम वायूचे पांघरूण घालण्याची रीत बसवली. ती होती मॅग्नेशियमसाठी. पुढे आर्गॉन वायू आणि उलटसुलट वाहणारी वीज वापरून तीच ॲल्युमिनियमला लागू झाली. वीज एका दिशेने जाताना साय फोडते, दुसऱ्या दिशेने धातू वितळवते. आज गॅरेजात 'टिग' किंवा 'आर्गॉन वेल्डिंग' म्हणतात ते हेच.

भेग वरून भरून चालत नाही. आधी तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडतात. हे ऐकून नवख्याला हसू येते. फाटलेल्याला आणखी भोक! पण १९१३ साली इंग्लिस या इंग्रज इंजिनियराने दाखवून दिले की टोक जितके अणकुचीदार तितका तिथे जोर जास्त साचतो. गोल भोकाने टोक बोथट होते आणि भेग थांबते. आपला शिंपी सदऱ्याच्या बाजूच्या चिरेच्या टोकाला जाड टाका घालतो, त्यामागे हीच काळजी. मग भेग तळापर्यंत कोरून काढायची, तांबड्या रंगाचा अंश राहू द्यायचा नाही, लोखंडाला न लागलेल्या स्टेनलेस ब्रशने साय काढायची आणि मिश्रधातूला जुळणारी काडी निवडून भरायचे. एक इशारा देऊन ठेवतो. ब्रेक साफ करण्याचे काही फवारे क्लोरीनयुक्त असतात. त्यांनी पुसलेल्या जागी वेल्डिंगची ज्योत पेटली तर फॉस्जीन हा प्राणघातक वायू होतो. तो फवारा त्या खोलीतच आणू नये.

इतके सगळे नीट झाले, रेघ नाण्यांच्या चळतीसारखी सुबक आली, तरी व्हिल्मचे दही आठवायला हवे. जोडाशेजारची पट्टी तापली, आणि मुरवून आणलेली ताकद तिथून गेली. सिलिकॉन-मॅग्नेशियमच्या जातीच्या ॲल्युमिनियमची ताकद त्या पट्टीत जवळजवळ निम्म्यावर येते. ती परत आणायची तर अख्खा सांगाडा भट्टीत सुमारे ५३० अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचा आणि मग सुमारे १७५ अंशांवर आठेक तास मुरवायचा. एवढ्या मापाची भट्टी गावात नसते, आणि बुडवताना सांगाडा वाकतो तो वेगळाच. जस्त-मॅग्नेशियमच्या जातीचा धातू असेल तर तो काही आठवड्यांत बरीचशी ताकद आपोआप परत मिळवतो. म्हणजे रविवारची शर्यत तरीही हुकलीच. आणि आपला सांगाडा कोणत्या जातीचा आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. एकाच सांगाड्यात एक भाग ओतीव, दुसरा ठोकून घडवलेला आणि तिसरा साच्यातून दाबून काढलेली नळी, असे निरनिराळे असतात.

म्हणून अनुभवी मिस्त्री जागा पाहून बोलतो. इंजिनाखालच्या नळीला दगड लागून चीर गेली असेल, किंवा एखादा कान तुटला असेल, तर तो म्हणतो, "करून देतो, पण महिनाभर सांभाळून चालव, आणि दर धुण्याला ही जागा बघ." तिथे लागलीच तर तो ठिगळाची पट्टीही घालतो, टोके निमुळती ठेवून, कारण चौकोनी ठिगळाच्या कोपऱ्यापासून नवी भेग निघते. पण भेग हँडलाच्या नळीशी असेल, किंवा एकदा भरलेल्या जागी पुन्हा आली असेल, तर तो सांगाडा परत करतो. मुलाला राग येतो. दुसरा कुणीतरी पाचशे रुपयांत भरून देणारा भेटतोच. दोघेही मिस्त्री आपल्या परीने खरे बोलत असतात. फरक असा की पहिला रेघेकडे पाहत नाही, तिच्या शेजारच्या पट्टीकडे पाहतो. हँडल हातात राहून गाडी खाली गेली तर स्वाराला करण्यासारखे काहीच उरत नाही.

दुरुस्त केलेल्या सांगाड्यावर तांबडा रंग आणि पांढरी भुकटी पुन्हा एकदा लावायची असते. जोड थंड झाल्यावर, आणि नंतर पहिल्या दोन-तीन शर्यती झाल्यावरही. पुष्कळ गॅरेजांत ही शेवटची तपासणी होत नाही, कारण तिचे पैसे मागायला संकोच वाटतो. गिऱ्हाइकाने ती आपण होऊन मागावी. आणि जो सांगाडा टाकून द्यायचा ठरला तो तसाच भंगारवाल्याला देऊ नये. करवत घेऊन हँडलाच्या नळीतून तो आरपार कापावा आणि मग द्यावा. नाहीतर भेगेवर लांबी भरून, वर रंग मारून, तो दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाच्या गाडीखाली परत येतो.